आपियाची चटई

"खिडकीतून बघू नकोस," मोहिते म्हणाला. "तू बघतोयस हे त्यांना कळलं की दिवसभर बसतील."

मी बघतच राहिलो.

गेस्ट हाऊसच्या अंगणात, नीरफणसाच्या झाडापासून थोडं पुढे, उघड्यावर एक चटई होती. नुसती अंथरलेली नव्हती. तिच्याखाली माणसं होती. मांडी घालून, मान खाली घालून बसलेली, आणि सगळ्यांवर मिळून वरून ती एकच मोठी चटई. पाठींचे उंचवटे दिसत होते. एका बाजूने कुणाचातरी पाय बाहेर आला होता. बाकी काही नाही.

"कोण आहेत?"

"ड्रायव्हरची माणसं."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खिडकीत ठेवला, नाहीतर फेकला असता.

"उजाडायच्या आधीपासून बसलेत," मोहिते म्हणाला. "इथली पद्धत आहे. नाटकं रे. पोरगा दारू पिऊन गाडी चालवणार, माणूस मारणार, स्वतः पळून जाणार, आणि घरचे येऊन चटई पांघरून बसणार. आपण बाहेर गेलो आणि चटई उचलली की माफ केलं असा अर्थ होतो. मग पोलीस केस बोंबलली. कळलं का? म्हणून बाहेर जायचं नाही. संध्याकाळी विमान आहे. वैजनाथला घ्यायचं आणि घरी जायचं."

वैजनाथ म्हणजे माझा दादा.

आपिया हे सामोआ देशाचं राजधानीचं गाव. गावच म्हणायचं, आमच्या गुहागरपेक्षा थोडं मोठं. समुद्राला लागून एक रस्ता, त्याच्यावर पांढरंधोप भलंमोठं चर्च, लाकडी बॉडीच्या रंगीत बसगाड्या, मासळी बाजार. दादा तिकडे कोल्ड स्टोरेजच्या कामावर होता. मासे ठेवायच्या थंड खोल्या बसवायचा. मोहिते त्या कामाचा साहेब. त्यानेच दादाला चिपळुणातून उचलला होता. "पालशेतकर, हात सोन्याचा आहे तुझा, परदेश बघ जरा," म्हणाला होता. आमच्या घरी येऊन, आमच्या ओटीवर बसून, सोलकढी पिऊन म्हणाला होता.

आता दादा हॉस्पिटलच्या थंड खोलीत होता आणि त्याला न्यायला मी आलो होतो. एकवीस वर्षांचा होतो मी. विमानात पहिल्यांदा बसलो ते त्यासाठी.

आदल्या दिवशी एअरपोर्टवरून येताना मला नुसता राग येत होता. कशाचा सांगू? झाडांचा. माड, नीरफणस, केळी, कुंपणाला अळू. सगळं आमच्यासारखंच. एवढे समुद्र ओलांडून दादा आला कुठे, तर आमच्या गावी, पालशेतलाच! मग मरायला इथे कशाला आला?

मोहिते गाडीत सगळ्या वाटेने बोलत होता. ड्रायव्हर प्यालेला होता. डोंगराच्या रस्त्यावर गाडी कलंडली. दादा मागे सिलिंडरपाशी बसला होता, तो फेकला गेला. ड्रायव्हर पळाला, दुसऱ्या बेटावर लपलाय, पोलीस शोधतायत.

"तावीता ना?" मी विचारलं होतं.

मोहिते दचकला होता. "तुला नाव कसं माहीत?"

"दादा सांगायचा फोनवर."

दादा त्याला ताव्या म्हणायचा. 'ताव्या सगळ्या रस्त्याने गातो रे भार्ग्या, चर्चमधली गाणी. मी मागे बसून आपली शिमग्यातली म्हणतो.' दर रविवारी फोन यायचा दादाचा. 'इथे पोलीस लुंगी नेसतात, शप्पत. खाली निळी लुंगी, वर पांढरं हेल्मेट. आणि रोज सकाळी बँड वाजवत झेंडा लावायला जातात. सगळा ट्रॅफिक थांबतो. आपला तो कदम हवालदार लुंगीवर कसा दिसेल रे?' आई बाजूला बसून हसून हसून खोकायची.

शेवटच्या फोनला म्हणाला होता, 'आमची पिकअप म्हणजे गंमत आहे. ब्रेक लागला तर लागला. उतारावर थांबली की मी मागून उडी मारायची आणि चाकाखाली लाकडाची ओट सारायची. साहेबाला सांगितलं तर म्हणतो, पुढच्या बोटीने पार्ट येतायत. तोपर्यंत मीच ब्रेक!'

आम्ही हसलो होतो त्यालाही.

असो. सकाळचं सांगत होतो.

ऊन चढायला लागलं. तिकडचं सकाळचं ऊनही चांगलंच चटका देतं. चटई हलत नव्हती. मी येरझाऱ्या घालत होतो आणि मोहिते जामचा ब्रेड खात होता.

"बस रे जरा. खा काहीतरी."

"त्यांना हाकला ना साहेब."

"हाकलतो कसला? हात लावला तर गावभर होईल. राहू दे. तापली पाठ की उठतील."

मग तो बँड आला. खरंच आला. रस्त्यावरून ढोल आणि पितळी बाजे वाजवत, निळ्या लुंग्या आणि पांढरी हेल्मेटं. गाड्या थांबल्या. माणसं उभी राहिली. दादाने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं समोरून चाललं होतं आणि सांगणारा हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये. माझं डोकं तेव्हा सटकलं.

बँड गेला आणि मोहितेला फोन आला. तो आतल्या खोलीत गेला. तेवढ्यात विद्यावती आंटी आली.

ती गेस्ट हाऊसची मालकीण. मूळची फिजीची, आपल्याच लोकांतली, पण तिच्या आज्याला कधीतरी उसाच्या कामाला नेलेलं. नवरा इथला. हिंदी बोलायची पण वेगळीच, मला अर्धी कळायची. दादा तिच्याकडेच राहायचा. तिने ताटात रोटी आणि अळकुड्यांची भाजी आणली होती. ताट ठेवलं आणि आतल्या दाराकडे बघत घाईघाईने बोलली, "बेटा, ई लोग माफी माँगे आइस है."

"माहीत आहे."

"नाही माहीत." पुढचं तिचं मी आपल्या भाषेत सांगतो. "ह्याला इफोंगा म्हणतात. ज्यांच्या हातून माणूस जातो, ते त्या माणसाच्या घरच्यांच्या दारात येऊन असे बसतात. सगळ्यात भारी चटई डोक्यावर घेऊन. तू उचलेपर्यंत बसणार. दोन दिवस लागले तरी. आणि तुला मारायचं असेल तर मार. जुन्या काळी कापायचेसुद्धा. ते हलणार नाहीत. हात वर करणार नाहीत. त्यासाठीच मान खाली घालून बसतात."

"मग इतके दिवस कुठे होते?"

"तुझी वाट बघत होते. इथे त्याचं घरचं होतं कोण?" ती अजून काहीतरी बोलणार होती. "काल रात्रीच तुला सांगणार होते मी. पण हा तुझा साहेब तुझ्या बाजूने हलेल तर..."

मी पुढचं ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. मारायचं असेल तर मार.

पडवीत सोललेल्या नारळांचा ढीग होता आणि त्यात कोयता खोचलेला. आमच्याकडे असतो तसाच, फक्त सरळ आणि लांब. मी तो उपसला.

मोहिते फोन संपवून दारात आला होता. त्याने माझ्या हातातला कोयता बघितला. आमची नजरानजर झाली.

तो काहीच बोलला नाही.

मी अंगणात उतरलो. मागून आंटी ओरडली. मी चटईपाशी जाऊन उभा राहिलो आणि तोंडात येईल ते बोलायला लागलो. मराठीत. खारव्याचा पोर आहे मी, होडीवरच्या सगळ्या शिव्या दिल्या. आईवरून दिल्या, बापावरून दिल्या. "चटया घालून बसता काय, हरामखोरांनो! माझा भाऊ आणून द्या! पोरगा लपवता आणि इथे येऊन बसता? उठा! बघा माझ्याकडे! उठा की!"

कुणी उठलं नाही.

बाहेर आलेला तो पाय माझ्या समोर होता. म्हाताऱ्या माणसाचा. टाच भेगाळलेली. त्याच्यावर मुंग्या चढत होत्या, तांबड्या, घोट्यापर्यंत गेल्या होत्या. आमच्याकडे आंब्याच्या कलमांवर असतात तसल्या असतील तर माणूस उड्या मारतो. तो पाय हलला नाही. चटई मात्र एका जागी अगदी बारीक थरथरत होती. कापडासारखी मऊ होती ती. मी विणकाम ओळखलं. केवड्याची पात. माझी आजी विणायची, पण इतकी बारीक नाही. ही विणायला कुणाचीतरी वर्षं गेली असणार. आणि ती त्यांनी मातीत आणून ठेवली होती, माझ्या कोयत्याखाली.

मी कोयता वर केला. खोटं का बोलू, केला.

"व्हेअर इज ड्रायव्हर?" मी मोडक्या इंग्रजीत ओरडलो. "ब्रिंग हिम! ब्रिंग तावीता!"

चटईखालून एका बाईचा आवाज आला. तीही इंग्रजीत बोलली, अगदी हळू.

"आणता येत नाही. आम्ही त्याला पुरलं."

मला वाटलं ती काहीतरी भलतंच सांगतेय.

"काय?"

"तो मेला. तुझ्या भावाबरोबर. त्याच जागी."

मी मागे वळलो. मोहिते पायरीवर होता. माझ्याकडे बघत नव्हता. मोबाईलकडे बघत होता, आणि मोबाईलची स्क्रीन बंद होती.

दुसऱ्या बेटावर लपलाय. पोलीस शोधतायत.

मी कोयता खाली टाकला.

आणि तेव्हा, तेव्हा मोहितेला कंठ फुटला. "भार्गव! चटईला हात लावायचा नाही! सांगितलंय तुला मी! केस जाईल हातची, भार्गव!"

आज इतकी वर्षं झाली, मला झोपेतही तो आवाज ऐकू येतो. कोयता घेऊन निघालो तेव्हा हा माणूस गप्प होता. कोयता टाकला तेव्हा ओरडला.

मी चटई उचलली.

खाली तिघं होती. म्हातारा, म्हातारी आणि एक चाळिशीची बाई. म्हाताऱ्याचा पांढरा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. चर्चला जायचा शर्ट होता तो, इस्त्रीचा. त्याने वर बघितलं नाही. मी खाली बसून त्याच्या पायावरच्या मुंग्या झाडल्या. दुसरं काय करायचं मला सुचेना. तेव्हा तो रडायला लागला. मोठमोठ्याने, पोरासारखा. म्हातारीने माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि स्वतःच्या खांद्यावर दाबलं. तिच्या अंगाला खोबरेलाचा वास येत होता. आईच्या येतो तसा.

आंटी आली, आमच्यात बसली. बाई म्हणजे तावीताची बहीण, सीना. हॉस्पिटलात नर्स होती. दादाला आणि स्वतःच्या भावाला तिनेच पुसून काढलं होतं.

"तो प्यायला होता?" मी विचारलं.

"तावीता?" सीनाने माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली. "तो चर्चच्या गाण्यात होता. त्याने कधी दारूला हात नाही लावला."

"मग गाडी कशी कलंडली?"

"कलंडली नाही. चढावर बंद पडली आणि मागे यायला लागली. ब्रेक लागला नाही. तावीता आतच राहिला, स्टिअरिंग धरून. मागून शाळेची पोरं चालत येत होती, त्याने गाडी दरीकडे वळवली. आणि तुझा भाऊ..." तिने दोन्ही हातांनी हवेत एक आकार केला. तिरका. पाचरीसारखा. "त्याच्या हातात लाकूड होतं. असं. बोटं उघडत नव्हती. मी सोडवलं ते."

ओट.

त्याने मागून उडी मारली होती. पळून गेला असता तर वाचला असता. तो चाकाकडे पळाला होता.

तोपर्यंत मीच ब्रेक!

"त्या दिवशी तावीता गाडी न्यायला तयार नव्हता," सीना म्हणाली. "घरी बोलून गेला होता. त्याला सांगितलं की आज नेली नाहीस तर उद्या येऊ नकोस."

"कुणी सांगितलं?"

सीनाने पडवीकडे नजर टाकली. म्हाताऱ्याने तिला काहीतरी विचारलं, तिने सांगितलं, तसा तो मान हलवत त्यांच्या भाषेत मला बोलायला लागला. आंटीने मला समजावलं. "तो म्हणतोय, ते सगळं राहू दे. गाडी माझ्या मुलाच्या हातात होती. तुझा भाऊ त्याच्या गाडीत होता. म्हणून आम्ही आलो."

"पण ब्रेक नव्हता! त्याला सांगा, ब्रेकच नव्हता!"

तिने सांगितलं. म्हाताऱ्याने परत तेच म्हटलं. "गाडी त्याच्या हातात होती."

म्हाताऱ्याचा मुलगा घराच्या दारासमोर पुरलेला, तिकडची पद्धतच ती. माती ओली असेल अजून. आणि हा चर्चच्या शर्टात माझ्याकडे माफी मागायला आला होता. तेव्हा मला असा राग आला की अंगाचं लाकूड झालं. मघाचा राग काहीच नव्हता.

मी ती चटई उचलली, गुंडाळली नाही, तशीच ओढत नेली. मोहिते पडवीत होता, ब्रेडच्या ताटासमोर, गाडीची चावी हातात घेऊन.

चटई मी त्याच्या पायाशी टाकली.

"बस."

तोपर्यंत मी त्याला साहेब म्हणायचो. अहोजाहो करायचो. ते गेलं ते गेलंच.

"भार्गव, तू आत्ता भानावर नाहीस."

"खाली बस आणि डोक्यावर घे."

"हे बघ, हे लोक तुला काहीही सांगतील. मी वैजनाथला भावासारखा..."

"ड्रायव्हर पळालाय म्हणालास. दारू प्यालेला म्हणालास. माझ्या आईला फोनवर सांगितलंस हे. आई त्या मेलेल्या पोराला चार दिवस शाप देतेय. बस खाली!"

"आवाज खाली कर."

"ब्रेकचं दादाने तुला सांगितलं होतं का नाही?"

तो हातातली चावी फिरवायला लागला.

"एवढंच सांग. हो की नाही?"

"पार्ट मागवले होते," मोहिते म्हणाला. "बोट उशिरा आली. मी काय बोट ओढत आणू?"

"मग गाडी कशाला पाठवलीस?"

"काम थांबलं असतं!" तो आता ओरडला. "तुला काय कळतंय? वर बसलेल्यांना मी तोंड देतो, तुम्ही नाही! आणि मी कशाला बसू खाली? मी चालवत होतो का गाडी?"

अंगणातून ती तिघं आमच्याकडे बघत होती. भाषा कळत नव्हती त्यांना, पण चटई कुठे पडलीय ते कळत होतं. म्हातारा उठून उभा राहिला होता. मला वाटतं त्यालाही एक क्षण वाटलं, की हा माणूस बसेल.

मोहिते चटई ओलांडून गेला. ओलांडूनसुद्धा नाही, तिच्यावर बूट ठेवून. जीपमध्ये बसला. पांढरी जीप, नवी. फाटकापाशी रस्त्यावरून एक बस येत होती म्हणून त्याने ब्रेक दाबला. मागचे लाल दिवे लागले आणि जीप जागच्या जागी थांबली. इंचभरही पुढे नाही.

मग बस गेली, आणि तो गेला.

संध्याकाळी दादाला एअरपोर्टवर न्यायला कंपनीचं कुणी आलं नाही. सीनाच्या चर्चची माणसं आली. त्यांनी पेटी खांद्यावरून नेली आणि सगळ्या वाटेने गायली. ताव्याची गाणी असतील. मला शिमग्यातलं एकही गाणं तोंडातून काढता आलं नाही. निघताना म्हातारीने चटईवरचा बुटाचा ठसा ओल्या फडक्याने पुसला, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. इफोंग्याची चटई परत नेत नाहीत, आंटी म्हणाली. ज्याने माफ केलं त्याची.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ताव्याचंही. आई उठली. मग देवापाशी गेली, दिवा लावला आणि म्हणाली, "त्या पोराच्या आवशीला कळव. माझे शब्द मी परत घेतले म्हणावं."

कळवलं. तक्रारीही केल्या, इथे आणि तिथे. कुणी म्हणालं तिथला मामला, कुणी म्हणालं इथला. मोहितेची बदली झाली. मग बढती झाली. आता रिटायर होऊन चिपळुणातच बंगला बांधून राहतो. बाजारात एकदा समोर आला तर औषधाच्या दुकानात शिरला.

मी एसीची कामं करतो. परवा त्याच्या शेजारच्या बंगल्यातून बोलावणं आलं होतं. गेलो, काम केलं, आलो. त्याच्या फाटकाकडे बघितलं, पण गेलो नाही. मी नाही जायचं. यायचं त्याने आहे.

चटई आमच्या माळ्यावर असते. दर वैशाखात मी ती काढून अंगणात उन्हाला टाकतो, झटकतो, कडुनिंबाचा पाला घालून परत घडी करतो. बुटाचा ठसा गेला नाही. नीट बघितलं तर दिसतो.

यंदा आईने विचारलं, "एवढी जपतोस, पण कुणाला बसायला देत नाहीस. कुणासाठी ठेवलीस रे?"

"बसायची नाय ती, आये," मी म्हटलं. "डोक्यावर घ्यायची आहे. ज्याची आहे तो अजून आला नाय."